लाइन गेली तरी गेस्ट चालला पाहिजे: कोकणातून झेड-व्हीएम सांभाळताना

जून लागला की राजापूर, गुहागर, देवगडकडे आधी वीज जाते आणि तिच्या मागोमाग इंटरनेट. मेनफ्रेमला, म्हणजे आयबीएमच्या त्या मोठ्या सर्व्हरला, त्याची खबरही नसते. तो दूर डेटा सेंटरमध्ये दुहेरी वीजपुरवठ्यावर चालू असतो, त्यावरच्या झेड-व्हीएमखाली (एका मशीनची अनेक व्हर्च्युअल मशीन करणारी सिस्टिम) चाळीस-पन्नास लिनक्स गेस्ट, म्हणजे तशी व्हर्च्युअल मशीन, आपापलं काम करत असतात. तुटतं ते फक्त तुमचं ३२७० सेशन, म्हणजे मेनफ्रेमच्या टर्मिनलची जोडणी. लाइन तुटल्यामुळे सहसा काहीच बिघडत नाही. बिघडतं ते लाइन परत आल्यावर घाईत मारलेल्या पहिल्या दोन-तीन कमांडींनी. त्यामुळे गावातून किंवा गणपतीला गावी येऊन मेनफ्रेमचं काम करणाऱ्याने सगळी रचनाच अशी करावी, की आपला टर्मिनल कुठल्याही क्षणी गेला तरी चालेल.

झेड-व्हीएम बसवलेलं आहे आणि मेंट, पीमेंट या देखभालीच्या आयडींचा अधिकार तुमच्याकडे आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायच्या.

लाइन तुटते तेव्हा आत काय होतं

झेड-व्हीएमचे दोन थर आहेत. खाली सीपी, म्हणजे खरं हार्डवेअर वाटून देणारा कंट्रोल प्रोग्रॅम. त्याच्यावर प्रत्येक युझरचं स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन. त्यात सीएमएस (एका युझरपुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चालेल, लिनक्स चालेल, हवं तर दुसरं झेड-व्हीएमसुद्धा चालेल. तुमचा मेंट हा आयडीही एक मशीनच आहे. त्याला मेमरी आहे, डिस्क आहेत, आणि टर्मिनल म्हणजे त्याला जोडलेला कन्सोल. लाइन गेली की कन्सोल सुटतो, पण मशीन मेमरीत जसंच्या तसं राहतं. सीपी त्याला 'डिस्कनेक्टेड' म्हणतो. आत चालू असलेला प्रोग्रॅम कन्सोलकडून काही मागेपर्यंत चालतच राहतो.

धोका या 'मागेपर्यंत'मध्ये आहे. डिस्कनेक्ट झालेलं मशीन कन्सोलवर इनपुटची वाट बघत थांबलं आणि त्याला दुसरा कोणी सांभाळणारा नेमलेला नसला, तर सीपी त्याला १५ मिनिटांची मुदत देतो आणि मग लॉगऑफ करून टाकतो. वाशिष्ठीला पाणी चढलं म्हणून चिपळुणातली लाइन तासभर गेली, तर तुमचं अर्धवट काम तेवढ्यात गेलेलं असतं. हे टाळण्यासाठी सिस्टिम कॉन्फिग फाइलमधल्या 'फीचर्स' विधानात ही ओळ असायला हवी:

डिस्कनेक्ट_टाइमआउट ऑफ

ती नसेल तर पुढच्या बदलाच्या खिडकीत घालून घ्या. हा बदल पुढच्या आयपीएलला, म्हणजे सिस्टिम नव्याने चढवली की, लागू होतो.

परत आल्यावर

लाइन आली, व्हीपीएन लागलं, ३२७० उघडलं, लॉगऑन केलं, आणि समोर एचसीपीएलजीए०५४ई हा संदेश: हा आयडी आधीच लॉगऑन आहे, अमुक एल-डेव्हवर (टर्मिनलच्या क्रमांकावर). तुमचं जुनं सेशन मेल्याचं मेनफ्रेमकडच्या टेलनेटला अजून कळलेलं नसतं. नवीन माणूस इथे शेजाऱ्याला फोन करून आपलाच आयडी 'फोर्स' करायला सांगतो. फोर्स म्हणजे आयडीला जबरदस्तीने लॉगऑफ करून मशीनची मेमरी पुसणं. तसं करू नका. एवढंच टाका:

लॉगऑन मेंट हिअर

'हिअर'मुळे सीपी जुना टर्मिनल सोडून मशीन नव्या टर्मिनलला जोडतो. 'रीकनेक्टेड ॲट' अशी वेळेसकट ओळ आली की स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे 'सीपी रीड' दिसेल. मशीन थांबलेलं आहे आणि सीपी तुमच्या आज्ञेची वाट बघतोय, एवढाच त्याचा अर्थ. 'बिगिन' टाका, नुसतं 'बी' चालतं. जिथे होतात तिथून पुढे सुरू. एक्सएडिट या एडिटरमध्ये फाइल उघडी असेल तर तीही तशीच उघडी मिळते.

या ठिकाणी 'आयपीएल सीएमएस' हात सवयीने टाकून जातो. त्याने सीएमएस नव्याने चढतं आणि आधीचं सगळं जातं. सीपी रीड दिसलं की आधी बिगिन, आयपीएल शेवटी.

उजव्या कोपऱ्यातल्या बाकीच्या शब्दांचीही ओळख हवी. 'व्हीएम रीड' म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्रॅम इनपुट मागतोय. 'रनिंग' म्हणजे चालू आहे. 'मोअर' म्हणजे स्क्रीन भरला. ५० सेकंदांनी सूचना मिळते, आणखी १० सेकंदांनी स्क्रीन आपोआप पुढे सरकतो. त्याच वेळी एंटर दाबलंत तर 'होल्डिंग' होतं, आणि मग क्लिअर की दाबेपर्यंत काही हलत नाही. एक्स३२७० या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये क्लिअर म्हणजे ऑल्ट-सी आणि पीए१ म्हणजे ऑल्ट-१. लाइन हळू असताना माणूस वैतागून एंटर बडवत राहतो आणि स्क्रीन स्वतःच होल्डिंगमध्ये अडकवतो. मग 'सिस्टिम हँग झाली' असा मेसेज ग्रुपवर जातो.

लिनक्स गेस्टचा कन्सोल

इथे जरा थांबू, कारण खरी पडझड इथेच होते.

गेस्टचा आयडी, समजा देवगड०१, डिस्कनेक्टेड चालू आहे. आत काय चाललंय ते बघायला तुम्ही थेट त्या आयडीवर लॉगऑन केलंत. मशीनला 'सेट रन ऑन' दिलेलं नसेल, तर रीकनेक्ट होताच ते सीपी रीडमध्ये जातं, आणि सीपी रीडमध्ये मशीनचे प्रोसेसर थांबतात. डेटाबेस थांबला, ॲप्लिकेशन थांबलं, सगळं थांबलं. तुम्ही बिगिन टाकेपर्यंत गेस्ट गोठलेला. नेमकी त्याच क्षणी लाइन गेली, तर तो तसाच गोठून राहतो, आणि डिस्कनेक्ट टाइमआउट चालू असेल तर १५ मिनिटांनी लॉगऑफ. बघायला गेलेल्या माणसाने गेस्ट पाडला.

म्हणून प्रत्येक लिनक्स गेस्टच्या डिरेक्टरी एंट्रीत (मशीनची व्याख्या असलेल्या नोंदीत) 'कमांड सेट रन ऑन' ही ओळ असलीच पाहिजे. त्याच्या जोडीला 'टर्म मोअर १ ०' आणि 'टर्म होल्ड ऑफ' ठेवा. नाहीतर बूटच्या वेळी कन्सोलवर येणारे शेकडो संदेश मोअरपाशी अडतात आणि गेस्ट कन्सोल मोकळा व्हायची वाट बघत बसतो.

बाहेर पडताना '#सीपी डिस्कनेक्ट'. कधीही 'लॉगऑफ' नाही. गेस्टच्या कन्सोलवर '#सीपी लॉगऑफ' म्हणजे चालत्या सर्व्हरची वायर खेचणं. लिनक्समधून आधी 'एक्झिट' करून मग डिस्कनेक्ट करा. रूटचं शेल उघडं टाकून गेलात तर पुढे येणाऱ्याला ते आयतं मिळतं.

याच कन्सोलवर आणखी दोन खाचा आहेत. '#' हे सीपीचं ओळ तोडायचं चिन्ह आहे. लिनक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये टीप लिहायला '#' टाकलंत तर ओळ तिथेच दोन तुकड्यांत जाते. '@' हे मागचं अक्षर खोडायचं चिन्ह असू शकतं. तसं असेल तर पासवर्डात '@' असलेला माणूस दहा वेळा प्रयत्न करूनही आत जात नाही आणि अकाउंट लॉक करून घेतो. 'क्वेरी टर्मिनल' करून 'लाइनएंड' आणि 'चारडेल' काय आहेत ते बघा, आणि गरजेपुरते 'टर्म चारडेल ऑफ' करून घ्या. 'लाइनएंड' मात्र ऑफ करताना पीए१ की कुठे आहे ते माहीत असू द्या, कारण सीपीकडे परत यायला '#सीपी'चा रस्ता मग बंद होतो.

खरं तर गेस्टच्या आयडीवर लॉगऑन करायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी यावी. रोजच्या कामाला दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, 'सेट सेकयूझर' वापरून गेस्टचा दुय्यम युझर म्हणून दुसरा एक आयडी नेमायचा. गेस्ट डिस्कनेक्टेड असताना त्याच्या कन्सोलवरचं सगळं त्या आयडीकडे येतं, आणि उत्तर द्यायचं असेल तर 'सेंड देवगड०१' लिहून पुढे मजकूर. सीपीची आज्ञा द्यायची असेल तर 'सेंड सीपी देवगड०१' आणि पुढे कमांड. दुय्यम युझर नेमला की १५ मिनिटांचं ते संकटही टळतं. दुसरा मार्ग म्हणजे कन्सोल स्पूल: 'स्पूल कन्सोल स्टार्ट' डिरेक्टरी एंट्रीतच दिलं, तर जे जे स्क्रीनवर आलं ते स्पूल फाइलमध्ये, म्हणजे सीपीच्या तात्पुरत्या साठवणीत, साठतं. लाइन रात्री दोनला गेली आणि सकाळी सातला आली, तरी मधल्या पाच तासांत काय झालं ते त्यात वाचता येतं.

गेस्ट सुरू करतानाही लॉगऑन करू नका. 'एक्स-ऑटोलॉग देवगड०१' म्हटलं की तो थेट डिस्कनेक्टेडच उठतो.

डिरेक्टरी एंट्री

नवीन गेस्टची एंट्री साधारण अशी:

युझर देवगड०१ एलबायओन्ली ४जी ८जी जी
इन्क्लूड लिनक्सपी
कमांड सेट रन ऑन
कमांड टर्म मोअर १ ०
कमांड टर्म होल्ड ऑफ
लॉगऑनबाय मेंट
मशीन ईएसए ४
आयपीएल १००
एमडिस्क १०० ३३९० ०००१ १००१६ एलएनएक्स००१ एमआर

पहिल्या ओळीत '४जी' ही लॉगऑनच्या वेळची मेमरी, '८जी' कमाल, आणि शेवटचा 'जी' हा अधिकाराचा वर्ग. वर्ग ए ते जी असे आहेत: ए मुख्य ऑपरेटरचा, बी साधनसामग्रीचा, सी सिस्टिम प्रोग्रॅमरचा, डी स्पूलचा, ई विश्लेषणाचा, एफ सर्व्हिसवाल्यांचा आणि जी सामान्य युझरचा. गेस्टला जीपेक्षा जास्त काही देऊ नका. 'एलबायओन्ली' म्हणजे या आयडीला स्वतःचा पासवर्डच नाही. 'लॉगऑनबाय'मध्ये लिहिलेल्यांनी स्वतःच्या पासवर्डने यायचं. त्यामुळे पासवर्डांची वही फिरवावी लागत नाही, आणि कोण आलं होतं याची नोंदही राहते.

आयडीचं नाव रोमन आठ अक्षरांत बसलं पाहिजे. देवगड०१ आणि मालवण०१ बरोबर आठात बसतात. सावंतवाडीला संक्षेप करावा लागतो. पहिल्या दिवशीच नियम ठरवा, नंतर नाव बदलणं जिकिरीचं.

एमडिस्कची, म्हणजे मिनीडिस्कची (खऱ्या डिस्कचा गेस्टला दिलेला तुकडा), ओळ नीट बघा. ३३९० या डिस्कच्या मॉडेल ९ मध्ये १००१७ सिलिंडर असतात, मॉडेल ३ मध्ये ३३३९. सिलिंडर शून्यावर व्हॉल्यूमचं, म्हणजे त्या डिस्कचं, लेबल आणि जागेचा नकाशा असतो, म्हणून मिनीडिस्क एकपासून सुरू करायची. तशी १००१६ उरतात. शून्यापासून सुरू केलीत आणि गेस्टने डिस्क फॉरमॅट केली, की लेबल गेलं. ते लगेच कळतही नाही. कळतं ते पुढच्या आयपीएलला, सीपीला तो व्हॉल्यूम सापडत नाही तेव्हा.

शेवटचा 'एमआर' हा लिंकचा प्रकार. दुसऱ्या कोणाची लिहायची लिंक नसेल तर लिहायला द्या, असेल तर फक्त वाचायला, असा त्याचा अर्थ. 'एमडब्ल्यू' कोणी कुठे वापरताना दिसलं तर हात धरा. त्यात दोन मशीन एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहू शकतात, आणि सीएमएसची मिनीडिस्क त्यातून वाचत नाही, कारण प्रत्येक मशीन फाइलींची यादी आपापल्या मेमरीत धरून बसलेलं असतं आणि शेवटी लिहिणारा आधीच्याची यादी पुसतो.

फाइल पीमेंटच्या २सीसी डिस्कवर 'युझर डायरेक्ट' या नावाने असते. बदलानंतरचा क्रम पाळा: आधी 'डिस्कमॅप युझर'. तयार झालेल्या फाइलमध्ये 'ओव्हरलॅप' हा शब्द शोधा, कारण डिरेक्टरी लागू करणारी डायरेक्ट-एक्सए ही कमांड एकावर एक चढलेल्या मिनीडिस्क पकडत नाही. मग 'डायरेक्ट-एक्सए युझर' ही कमांड 'एडिट' पर्यायासह. त्याने नुसतं व्याकरण तपासलं जातं, काही लागू होत नाही. दोन्ही स्वच्छ असतील तर पर्यायाशिवाय पुन्हा तीच कमांड. डिरेक्टरी अपडेट होऊन ऑनलाइन गेल्याची ओळ दिसली पाहिजे. तुमच्याकडे डरमेंट (डिरेक्टरी सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर यातलं काहीही हाताने करू नका. त्याची स्वतःची प्रत वेगळी असते, आणि पुढच्या बदलाला ती तुमचा बदल खाऊन टाकते.

सिस्टिम कॉन्फिग बदलताना

ही फाइल चुकली तर पुढचा आयपीएल अडतो, आणि तो कोकणातून निस्तरता येत नाही. एचएमसीपाशी, म्हणजे मेनफ्रेमच्या हार्डवेअर कन्सोलपाशी, कोणीतरी बसावं लागतं. म्हणून सावकाश. पीमेंटची सीएफ० डिस्क 'एमआर'ने लिंक करा, 'ॲक्सेस सीएफ० एफ' करा, आणि काहीही करण्याआधी 'कॉपीफाइल'ने जुन्या फाइलची प्रत ठेवा. नावात तारीख घाला. मग एक्सएडिट. बदल झाला की 'ॲक्सेस १९३ जी' करून 'सीपीसिंटॅक्स सिस्टिम कॉन्फिग एफ'. एकही चूक नाही असा निरोप येईपर्यंत उठायचं नाही. सीपीसिंटॅक्स व्याकरण बघतो. तुम्ही लिहिलेला व्हॉल्यूम खरोखर आहे का, ते तुम्हीच 'क्वेरी डॅस्ड'ने बघायचं.

एक्सएडिटमध्ये 'सेट ऑटोसेव्ह १०' हे प्रोफाइलमध्ये कायमचं घालून ठेवा. दर दहा बदलांनंतर वेगळ्या नावाने फाइल जपली जाते. लाइन गेली तर 'हिअर' आहेच, पण कोणी तुमचा आयडी फोर्स केला तर ऑटोसेव्हच कामी येतं.

अशा वेळी आणखी एक अडचण येते. तुमची लाइन गेली, आयडी डिस्कनेक्टेड, आणि सीएफ०ची लिहायची लिंक त्याच्याकडे अडकलेली. दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याला 'एमआर' मागूनही नुसती वाचायची लिंक मिळते. 'क्वेरी लिंक्स'ने डिस्क कोणाकडे आहे ते दिसतं. तुम्हाला फोन लागत असेल तर तुम्ही येईपर्यंत थांबणं सगळ्यात स्वस्त. फोर्स करायचाच झाला तर आधी तो आयडी खरोखर मोकळा आहे का ते बघा, सर्व्हिस चढवण्याच्या मध्यात नाही ना.

याच फाइलमध्ये वेळेचाही बंदोबस्त करा: 'टाइमझोन_डेफिनिशन आयएसटी ईस्ट ०५.३०.००', आणि आयएसटी लागू करणारी जुन्या तारखेची एक 'टाइमझोन_बाउंडरी'. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे होत नाही, त्यामुळे एकच पुरते.

रोज सकाळी काय बघायचं

'क्वेरी अलॉक पेज' आणि 'क्वेरी अलॉक स्पूल'. चहा व्हायच्या आत या दोन कमांडी झाल्या पाहिजेत.

पेजची जागा (मेमरीत न मावलेली पानं ठेवायची डिस्क) भरली की सीपी स्पूलच्या जागेत पानं टाकायला लागतो, आणि तीही भरली की पीजीटी००४ या कोडने अख्खी सिस्टिम पडते, सगळे गेस्ट घेऊन. त्यामुळे जागा आधीच मोजून ठेवा. ३३९०च्या एका सिलिंडरमध्ये ४ केबीची १८० पानं मावतात, म्हणजे ७२० केबी. मॉडेल ९च्या १००१६ सिलिंडरांत सुमारे ६.९ जीबी. सगळ्या गेस्टची मेमरी आणि व्ही-डिस्क (मेमरीतल्या डिस्क) यांची बेरीज झाकेल एवढी पेजची जागा ठेवणं शहाणपणाचं. ४ जीबीचे ४० गेस्ट म्हणजे १६० जीबी, म्हणजे मॉडेल ९चे २४ व्हॉल्यूम. हिशेब ऐकून स्टोरेजवाले कुरकुरतात, करू द्या. निम्म्याच्या आत वापर ठेवायचा, हा जुना अंगठ्याचा नियम आहे आणि त्यावर चाललेलं बरं. सगळे पेज व्हॉल्यूम एकाच आकाराचे असावेत, आणि पेजच्या व्हॉल्यूमवर दुसरं काहीही ठेवू नये. मॉडेल ३ आणि ९ मिसळलेत तर छोटे आधी भरतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो.

नवा व्हॉल्यूम घेताना सीपीएफएमटीएक्सएने फॉरमॅट करून जागा 'पेज' म्हणून नेमायची, सिलिंडर शून्य 'पर्म' ठेवायचा, आणि सिस्टिम कॉन्फिगमधल्या सीपी_ओन्डच्या यादीत स्लॉट लिहायचा. हा स्लॉट विसरला की चालू सिस्टिमला जोडलेला व्हॉल्यूम आयपीएलनंतर गायब.

स्पूल भरण्याचं कारण बहुतेक वेळा जुने कन्सोल लॉग किंवा कोणीच न उचललेले डंप असतात. 'क्वेरी रीडर ऑल'ने मालक बघा आणि 'पर्ज'. पर्ज करताना आयडी आणि फाइलचा क्रमांक दोन्ही द्या.

'इंडिकेट लोड'ने एकंदर भार कळतो. आकडा रोजच्यापेक्षा वेगळा दिसला तरच खोलात शिरा.

टीसीपीआयपीला हात लावण्याआधी

तुमचं ३२७० सेशन टीसीपीआयपी नावाच्या व्हर्च्युअल मशीनमधूनच आत येतं. त्याला 'फोर्स' करणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. फोर्स होईल, तुम्ही बाहेर फेकले जाल, आणि 'एक्स-ऑटोलॉग टीसीपीआयपी' टाकायला कोणीच उरणार नाही. आयपी, रूट, पोर्ट असले छोटे बदल टीसीपीमेंट या आयडीवरून 'ओबेफाइल'ने चालू असतानाच करता येतात. मशीन खरोखरच बंद करून उठवायचं असेल, तर तीन ओळींचा एक एक्झेक (कमांडींची फाइल) लिहा: पहिल्यात सीपी फोर्स टीसीपीआयपी, दुसऱ्यात सीपी स्लीप ३० सेक, तिसऱ्यात सीपी एक्स-ऑटोलॉग टीसीपीआयपी. तो आपल्या आयडीवरून चालवू नका. आधीपासून डिस्कनेक्टेड चालणाऱ्या, वर्ग ए असलेल्या सर्व्हिस मशीनवर 'सेंड'ने चालवा. मधल्या झोपेची ओळ गाळू नका. फोर्स पूर्ण होण्याआधी ऑटोलॉग गेला तर 'आधीच लॉगऑन आहे' म्हणून तो नाकारला जातो.

टीसीपीआयपीच्या प्रोफाइलमध्ये 'कीपअलाइव्हऑप्शन्स' आणि त्यात 'इंटर्व्हल' मिनिटांत द्या. आपल्यासारख्या तुटक्या लाइनवाल्यांसाठी तो बारीक ठेवला, तर मेलेली सेशनं लवकर साफ होतात.

शटडाउन आणि परत उठणं

गेस्टला आधी निरोप, मग बंद: 'सिग्नल शटडाउन देवगड०१ विदिन १२०'. लिनक्स हा सिग्नल घेऊन स्वतःच्या पद्धतीने बंद होतो. कोण हा निरोप ऐकायला तयार आहे ते 'क्वेरी सिग्नल्स'ने दिसतं; ज्याचं नाव त्यात नाही, तो गेस्ट हाताने बंद करावा लागेल. डेटाबेसवाल्या गेस्टला १२० सेकंद कमी पडतात, त्याला ३०० द्या. मुदत संपली तर सीपी वाट बघत नाही.

संपूर्ण सिस्टिम बंद करून पुन्हा चढवायची असेल तर दूरच्या माणसासाठी 'शटडाउन रीआयपीएल' बरं. प्रश्न न विचारता वॉर्म स्टार्ट होतो, म्हणजे स्पूल जपून. कन्सोलवर कोणी प्रश्नांची उत्तरं देणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: नेहमी 'वॉर्म'. 'फोर्स' (इथे स्टार्टचा प्रकार) तेव्हा, जेव्हा वॉर्मला स्पूलमध्ये दोष सापडतो. 'कोल्ड'ने युझरांच्या स्पूल फाइली जातात. 'क्लीन'ने सिस्टिमच्या जपून ठेवलेल्या फाइलीही जातात, सीएमएससुद्धा नव्याने जपावं लागतं. रात्री अर्धवट झोपेत फोनवर 'कोल्ड मारू का?' असं विचारलं गेलं तर उत्तर 'नको' हेच.

चढल्यावर सीपी ऑटोलॉग१ला उठवतो, आणि पुढचं सगळं त्याच्या प्रोफाइल एक्झेकमध्ये असतं. व्ही-स्विच (गेस्टांचं व्हर्च्युअल नेटवर्क) सांभाळणारे डीटीसीव्हीएसडब्ल्यू१ आणि २ आधी, मग टीसीपीआयपी, मग थोडी झोप, मग गेस्ट. चाळीस गेस्ट एकदम उठवले तर सगळेच रडत उठतात. पाच-पाचच्या गटात, मध्ये ३० सेकंद ठेवून उठवा. ही फाइल दुरुस्त करायला ऑटोलॉग१वर लॉगऑन केलंत, तर सीएमएस चढताक्षणी एंटर मारू नका. व्हीएम रीड दिसलं की 'ॲक्सेस' ही कमांड 'नोप्रोफ' पर्यायासह द्या. नाहीतर प्रोफाइल चालेल आणि मुद्दाम बंद ठेवलेले गेस्टही उठून बसतील.

घरचा बंदोबस्त

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो डेटा सेंटरमधल्या जंप सर्व्हरचा, म्हणजे मधल्या मशीनचा. तिथे टीमक्स (लाइन तुटली तरी सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) उघडून त्यात सी३२७० हा टर्मिनल चालवा. मग गावची लाइन गेली तर तुटतं फक्त एसएसएच. ३२७० सेशन तिकडेच जिवंत राहतं, आणि परत जोडून घेतलं की तोच स्क्रीन. सुरक्षावाल्यांची परवानगी घ्या, आणि टीमक्सला लॉक लावा. मोबाइलवरूनही अडीनडीला हे चालतं, पण ३२७०चा स्क्रीन २४ ओळी आणि ८० कॉलमचा असतो आणि खाली स्थितीची ओळ वेगळी, म्हणून खिडकी निदान २५ ओळींची ठेवा. ती ओळ दिसली नाही तर कीबोर्ड लॉक झालाय हे कळत नाही.

इन्व्हर्टरवर लॅपटॉप असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा विसरला जातो. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज खंडित होते, तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. त्या दोघांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा लावा. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घ्या, आणि ती त्याच रस्त्याच्या कडेने येत नाही ना ते विचारून घ्या. महामार्गाच्या खोदकामात दोन्ही केबल एकदम जातात. गणपतीत गावच्या टॉवरवर अख्खी मुंबई येऊन बसते, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉटवर बदलाची खिडकी घेऊ नका. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा फार. गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर आणि लॅनची वायर काढून बॅटरीवर काम करा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे अनेक दिवस वीज नव्हती. अशा इशाऱ्याला यूपीएस पुरत नाही. आदल्या दिवशीच काम दुसऱ्या गावातल्या माणसाकडे सोपवा, उघडी सेशनं डिस्कनेक्ट करा आणि लिहायच्या लिंका सोडून द्या.

हात बसवायचा असेल तर घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस हा एम्युलेटर आणि त्यावर व्हीएम/३७० चालवा. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ला जाहीर केलेली ही सिस्टिम आज मोकळी उपलब्ध आहे; झेड-व्हीएम तसं नाही, त्याला लायसन्स लागतं. तिथेही मेंट आहे, सीपी आहे, सीएमएस आहे, बिगिन आहे. हर्क्युलिसची खिडकी नुसती बंद करू नका, ऑपरेटरवरून 'शटडाउन' द्या. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी वॉर्म स्टार्ट नाकारला जाईल. तेव्हा 'सीकेपीटी' द्या, स्पूल बहुतेक वाचतो.